एजन्सीत कसं असतं गं काम?

सिंगापूरला येऊन मला नऊ वर्षं झाली, त्यातली सात क्लेमेंटीत. सुरुवातीला गावाकडून चौकशीचे फोन यायचे ते आयटीचे, नाहीतर बँकेतल्या नोकरीचे. अलीकडे मात्र मिरजेच्या आत्यापासून ठाण्याच्या वहिनीपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: "अगं, आमच्या धाकट्याला तिकडं डिजिटल मार्केटिंग एजन्सीत मिळतंय म्हणे. कसं असतं गं काम?" मी याच धंद्यात आहे, ही माझी तिसरी एजन्सी. फोनवर "बरं असतं" एवढं म्हणून वेळ निभावते, पण ते काही उत्तर नव्हे. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

ज्येष्ठ वाचकांसाठी आधी काम काय ते सांगते. तुम्ही मोबाइलवर एकदा मिक्सर शोधलात की पुढचे आठ दिवस बातमी वाचा, गाणं ऐका, मिक्सर तुमची पाठ सोडत नाही. ते आमचं काम! तुम्ही पान उघडता तेव्हा पापणी लवायच्या आत त्यावरच्या जागेचा लिलाव होतो. बोली किती लावायची, चित्र कुठलं, वाक्य कुठलं, हे ठरवणारी आणि आकडे बघून ते सतत बदलत राहणारी माणसं एजन्सीत बसतात. माझे मामा कोल्हापुरात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचं काम करायचे. रात्री मजकूर छापखान्यात गेला की विषय संपला, मामा जेवून झोपायचे. आमची जाहिरात कधी "गेली" असं होतच नाही. रात्री अकराला आकडा पडलेला दिसला तरी ती बदलता येते. आणि बदलता येते म्हटल्यावर कोणीतरी लगेच बदलावी, असं क्लायंटला वाटणारच. कर्मचाऱ्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हे आहे. बॉस खडूस की प्रेमळ, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे काम सिंगापुरात इतकं का, तर गूगल, मेटा यांची आशियाची मुख्य ऑफिसं इथं आहेत. गूगल तर २०१६ पासून पासिर पांजांगला, म्हणजे आमच्या क्लेमेंटीपासून बसच्या अंतरावर. इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, फिलिपिन्सच्या जाहिराती इथून चालवल्या जातात. एजन्स्या बऱ्याचशा तंजोंग पगार, तेलोक आयर या बाजूला, जुन्या शॉपहाउसमध्ये. खाली खाण्याचं दुकान, वर अरुंद जिना चढून आमची टेबलं. क्लेमेंटीहून ईस्ट-वेस्ट लाइनने गाडी न बदलता आठवं स्टेशन तंजोंग पगार. शहरापेक्षा भाडं कमी, स्टेशनला लागून मॉल, मॉलमध्येच लायब्ररी, आणि पलीकडे ब्लॉक ४४८ चं फूड सेंटर. त्यामुळे या धंद्यातली बरीच मुलं-मुली इथं भाड्याने राहतात.

आम्ही सहा-सात मराठी एजन्सीवाले महिन्यातून एकदा तिथं भेटतो. दोघं डिझायनर, एक जण सर्च बघतो, एक मुलगी क्लायंट सांभाळते, बाकी आम्ही आकडेवाले. या लोकांना काय वाटतं, ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच आहे. शिकायला मिळतं ते बेसुमार. आमच्यातल्या नाशिकच्या डिझायनरने पहिल्या दोन वर्षांत डायपर, विमान कंपनी, क्रेडिट कार्ड आणि एक विद्यापीठ, एवढी गिऱ्हाइकं हाताळली. कंपनीच्या आत नोकरी केली असती तर पाच वर्षं एकाच साबणाच्या वडीभोवती फिरला असता. वयाला कोणी विचारत नाही. चोविशीतली मुलगी लाखो डॉलरचं बजेट चालवते आणि तिच्या शब्दाला वजन असतं. थाई, तमिळ, इंडोनेशियन, फिलिपिनो सगळे एका टेबलाशी. जेवणाचे डबे उघडले की आमच्या शेंगदाण्याच्या चटणीला मागणी असते, हेही जाता जाता नोंदवते.

आता दुसरी बाजू. एजन्सी विकते ते माणसांचे तास. महिन्याला अमुक तास, त्याचे अमुक डॉलर, असा क्लायंटशी करार. म्हणून आम्ही रोज टाइमशीट भरतो, कुठल्या क्लायंटला किती वेळ दिला त्याचा हिशेब. कराराचे तास चाळीस आणि काम साठ तासांचं निघालं, तर वरचे वीस कोणाच्या झोपेतून येतात ते सांगायला नको. शिवाय पिच! नवा क्लायंट मिळवायला जे सादरीकरण करावं लागतं त्याला पिच म्हणतात. त्याचे पैसे बहुतेकदा मिळत नाहीत, पण रात्री लागतात. आमचा सर्चवाला म्हणतो, "पिच म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात फुकट आचारी."

त्यात घड्याळाचा घोळ. मुंबईच्या क्लायंटने संध्याकाळी सातला "पाच मिनिटं बोलू या का" म्हटलं की इथं साडेनऊ झालेले असतात. सिडनीचा क्लायंट सकाळी नऊला बसतो तेव्हा इथं सात, त्यांच्या उन्हाळ्यात तर सहाच. दोन्ही क्लायंट एकाच माणसाकडे असले की दिवस किती लांबतो, ते तुम्हीच मोजा.

आणि आमचं पंचांग वेगळं. ९.९, १०.१०, ११.११, १२.१२ हे ऑनलाइन सेलचे दिवस आमचे सणवार. २०२३ साली ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत आम्ही सेलचे आकडे बघत होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नरक चतुर्दशी. मी दोन तास झोपून अभ्यंगस्नान केलं. उटण्याचा वास येत होता आणि डोळ्यांपुढे आलेख. सोमवारी सुट्टी होती म्हणून निभावलं. आईला व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला, तिने काही विचारलं नाही.

"मग तिथं कायदा नाही का?" असं वहिनीने विचारलं होतं. आहे. २०१९ च्या एप्रिलपासून इथला रोजगार कायदा पगाराची मर्यादा न ठेवता मॅनेजरपर्यंत सगळ्यांना लागू आहे. पण आठवड्याला ४४ तास आणि ओव्हरटाइमचे पैसे हा भाग ऑफिसातल्या माणसाला महिना २,६०० डॉलरपर्यंत पगार असेल तरच लागू. भारतातून येणाऱ्याला एम्प्लॉयमेंट पास हवा, त्याचा किमान पगारच २०२५ पासून ५,६०० डॉलर आहे आणि वयाप्रमाणे तो वाढतो. म्हणजे पासवर आलेला प्रत्येक जण तासांच्या नियमाबाहेर. कायद्याने वर्षाला रजा निदान सात, त्या दरवर्षी एकेक वाढत चौदापर्यंत. बऱ्याच एजन्स्या याहून जास्त देतात, पण ती घेता येते का, हे वेगळं.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं. एकाच ऑफिसात, एकाच बॉसखाली, तेवढेच तास काम करणाऱ्या दोन माणसांना विचारा, उत्तरं वेगळी येतील. कारण एकाला सोडून जाता येतं आणि दुसऱ्याला येत नाही.

आमच्यातली क्लायंट सांभाळणारी मुलगी सांगलीची. नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा तिच्या पासवर, म्हणजे डिपेंडंट पासवर इथं राहतात. त्यासाठी तिचा पगार निदान ६,००० डॉलर असावा लागतो. नवऱ्याला नोकरी करायची तर त्याला स्वतःचा वर्क पास काढावा लागेल. तिची नोकरी गेली तर पास रद्द झाल्यापासून तिघांकडे साधारण ३० दिवस. त्यात नवी नोकरी, नाहीतर घरातलं सामान विकून, मुलाचं नाव बालवाडीतून काढून विमान. तिच्या शेजारी बसणारी स्थानिक मुलगी रात्री नऊच्या कॉलला सरळ "नाही" म्हणते आणि तिसऱ्या वर्षी राजीनामा देऊन दोन महिने जपान फिरून येते. दोघींचं कौशल्य सारखंच. ऑफिसात दरवर्षी "तुम्हाला इथं कसं वाटतं" अशी नाव न विचारणारी पाहणी होते. सांगलीची मुलगी पाचपैकी चार गुण देते. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "ताई, टीममध्ये आम्ही चौघं. नाव नसलं म्हणून काय झालं?"

त्यामुळे एजन्सीबद्दल कोणी चांगलं बोललं की मी आधी बघते, बोलणाऱ्याचा पास कोणता. वाईट बोललं तरी तेच.

२०२३ च्या सप्टेंबरपासून नव्या पासला आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून नूतनीकरणालाही कंपास नावाची गुणपद्धत लागली. ४० गुण हवेत. पगार, शिक्षण, कंपनीत तुमच्या देशाचे किती लोक आहेत, स्थानिकांना किती नोकऱ्या आहेत, असं सगळं मोजतात. म्हणजे तुमचं काम उत्तम असूनही शेजारच्या टेबलांवर किती भारतीय बसलेत, याने तुमचे गुण बदलू शकतात. ऑफर लेटर हातात आलेल्या मुलांना हे ठाऊकच नसतं.

मुलं म्हणतील, ताई घाबरवते. तर टोकियोचं सांगते. डेन्त्सू ही जपानची सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी. तिच्या इंटरनेट जाहिरातींच्या विभागात २०१५ च्या एप्रिलमध्ये एक मुलगी लागली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. महिन्याला शंभराहून जास्त तास जादा काम झाल्याचं सरकारी चौकशीत निघालं आणि २०१६ मध्ये तिचा मृत्यू अतिकामामुळेच झाला हे मान्य झालं. अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला, कंपनीने रात्री दहाला दिवे बंद करायला सुरुवात केली. न्यायालयाने दंड केला तो ५ लाख येन, म्हणजे तेव्हाचे तीन लाख रुपयेसुद्धा नाहीत. आपल्याकडे २०२४ मध्ये पुण्यातल्या बड्या अकाउंटिंग कंपनीतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेलं पत्र बऱ्याच जणांनी वाचलं असेल. धंदा वेगळा, पण आई-वडिलांनी फोनवर काय ऐकायला हवं होतं, हा प्रश्न तोच.

क्लायंटच्या बाजूला जा, तिथं सुख आहे, असं आमच्यात म्हणतात. बरेच जण दोन-तीन वर्षांनी जातातही. एक शॉपीत गेला, ऑफिस सायन्स पार्कला, त्यामुळे क्लेमेंटी सोडायची गरज पडली नाही. पण शॉपीने २०२२ मध्ये माणसं कमी केली आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने जगभरातून १२ हजार. तेव्हा तिथंही पाट मांडून कोणी बसलेलं नाही. आता एआयने जाहिरातीची दहा वाक्यं मिनिटात लिहून मिळतात. आमच्याकडे त्यामुळे काम कमी झालं नाही, क्लायंट दहाऐवजी पन्नास मागतो.

मी स्वतः का राहिले? मला हे काम आवडतं, आणि आता माझ्याकडे पीआर आहे. दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पीआर मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यात मी रात्रीचा मुंबईचा कॉल सोडला. कोणी काही म्हणालं नाही.

तेव्हा आत्या, वहिनी, आणि ज्यांच्या घरात ऑफर लेटर आलंय ते सगळे: मुलाला मुलाखतीत विचारायला सांगा की त्याच्या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं. क्लायंट कुठल्या देशातले, तेही. कामावर लागल्यापासून चौदा दिवसांत नोकरीच्या मुख्य अटी लेखी मिळाल्या पाहिजेत, त्यात कामाचे तास लिहिलेले असतात, तो कागद जपून ठेवावा. आणि नोकरी सोडताना परदेशी माणसाचे शेवटचे पैसे आयकराचा हिशेब होईपर्यंत कंपनी रोखून धरते, महिनाभरही. ते नियमानेच आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. पण क्लेमेंटीतला घरमालक तेवढा थांबत नाही, म्हणून दोन महिन्यांचं भाडं पहिल्या दिवसापासून बाजूला असू दे.