पाणथळीवर कॅमेरा : भाग ४ – वारा पाठीशी घ्या

मागच्या भागात लेन्सची चर्चा झाली. आता कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्याकडे निघू. पिपरी मेघेतून निघणाऱ्याला फार लांब जावे लागत नाही. वर्ध्याच्या आसपास सिंचनाचे लहानमोठे तलाव आहेत, पवनारला धामचे खडकाळ पात्र आहे. बोर धरणाकडे जायचे असेल तर मात्र शेजारी व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा वनविभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. वाटेत विजेच्या तारेवर नीलपंख दिसला तर जरूर थांबा. वर्धेकरांनी मतदान करून त्याला आपला शहरपक्षी म्हणून निवडले आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत रब्बीसाठी पाणी सुटू लागते आणि तलाव उतरू लागतो. काठाशी चिखलाचा पट्टा उघडा पडतो, कुठे कुठे त्यावर गाळपेरही होते. या चिखलात अळ्या, किडे आणि गोगलगायी भरपूर असतात, म्हणून तुतारी आणि धोबी तिथे उतरतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्यांच्यापुढे, घोटाभर पाण्यात चरतो. आणखी आत हळदी-कुंकू बदके आणि वारकरी दिसतात. टिबुकली तर खोल पाण्यातच बुड्या मारते. कोणता पक्षी किती पाण्यात चरतो हे पाळीवरून एकदा नीट पाहून घेतले, की बसायची जागा ठरवता येते. थेट काठ गाठण्याआधीची ही दहा मिनिटे मला सगळ्यात मोलाची वाटतात.

सकाळचा सूर्य पाठीशी असावा हे सगळेच सांगतात. वाऱ्याचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो, कारण समोरून येणाऱ्या हवेमुळे पंखांना कमी वेगातही उचल मिळते. म्हणून वारा आपल्या पाठीवर असेल तर उतरणारा बगळा आपल्याकडे तोंड करून येतो, आणि वारा समोरून असेल तर त्याची पाठ आणि शेपूटच हाती लागते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडचा असेल त्या सकाळी सूर्य आणि वारा दोन्ही एकाच बाजूला मिळतात. तेव्हा पूर्वेच्या काठावर बसावे.

आता जवळ जाण्याबद्दल. तलावात ढिवर जाळे ओढत असतात, तरी वारकरी त्यांच्यापासून थोडे सरकून चरतच राहतात. तोच वारकरी काठावरून सरळ आपल्याकडे चालत येणारा माणूस पाहिला की पाण्यावर धावत सुटतो. ढिवरांचे येणेजाणे त्याच्या रोजच्या पाहण्यातले असते. सरळ रेषेत, नजर रोखून येणारा मात्र त्याला शिकारी वाटतो. त्यामुळे तिरके चालावे, चार पावले टाकून थांबावे आणि पक्ष्याकडे एकटक पाहू नये. बेशरमाच्या झुडपाआड बसता आले तर उत्तम.

पक्षी अस्वस्थ झाला हे उडण्याच्या बरेच आधी कळते. पाण्याच्या कडेला खांदे पाडून बसलेली ढोकरी पाहा. मातकट पाठ, काडीसारखी स्थिर चोच. ती बेडकावर नजर ठेवून असते तेव्हा मान आखडलेली असते. आपण जास्त जवळ गेलो की मान हळूहळू वर येते, पिसे अंगाला चिकटतात आणि शिकारीवरची नजर आपल्याकडे वळते. तिथेच थांबायचे. आणखी एक पाऊल टाकले तर पांढरेशुभ्र पंख उघडून ती निघून जाते. मागे सरकून पाच-दहा मिनिटे गप्प बसलो तर मान पुन्हा आखडते, आणि छायाचित्र घ्यायची वेळ ती. आपल्याला पाहून ताठ झालेल्या पक्ष्याच्या छायाचित्रात त्याचे जगणे कुठे दिसते?

उडवून लावण्याची किंमतही पक्ष्यालाच मोजावी लागते. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबाला किंवा चक्रवाकाला मार्च-एप्रिलमध्ये तोच प्रवास उलट करायचा असतो, आणि त्यासाठीची चरबी इथेच साठवायची असते. दिवसातून चार वेळा थवा उठला तर तेवढे चरणे बुडते आणि वर उडण्यात ताकद जाते ती वेगळीच.

कॅमेऱ्याच्या गणिताबद्दल थोडक्यात. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे असल्यासारखे मोजतो. सावलीतल्या काळसर पाण्यापुढचा बगळा म्हणूनच जळून पांढरा ठिपका होतो. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्यावे. चकाकत्या पाण्यावरच्या पाणकावळ्यासाठी तेवढेच वर न्यावे. उभ्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, सूर मारणाऱ्या कवड्या खंड्याला दोन हजारावा भागही कधी अपुरा पडतो. उंची महत्त्वाची. चिखलात पोटावर झोपून लेन्स पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणली की मागचा काठ दूर जाऊन पुसट होतो. आणि उन्हे चढली की थांबावे. तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागली की कितीही महाग लेन्स असो, पिसांचे तपशील मिळत नाहीत.

उन्हाळ्याचा नियम वेगळा आणि कडक आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खडे मांडून अंडी घालते. विदर्भाच्या मे महिन्यात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे ती उन्हात उकडत नाहीत. आपण जवळ रेंगाळलो तर ती ओरडत डोक्यावर फिरत राहते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. घरट्याचे छायाचित्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी आल्यावर प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख आणि तलावाचे नाव लिहून ठेवा, आणि ई-बर्डवर नोंद करा. याला कारण आहे. पाणथळींच्या संरक्षणासाठी केंद्राने 2017 साली नियम केले, पण खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. आपल्याकडचे बहुतेक तलाव त्यातलेच. अशा तलावाकाठी उद्या भराव पडू लागला, तर तिथे कोणते पक्षी कोणत्या महिन्यात येतात हे दाखवायला गावकऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी असायला हव्यात. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. पाहुणे पक्षी उतरू लागतात तेही याच सुमारास, त्यामुळे वर्षाची वही तिथून उघडणे सोयीचे.

पुढच्या भागात : उडत्या थव्यातला एक पक्षी नजरेत कसा पकडायचा.