रूळ उठले, वाट उरली

नवे रेल्वेमार्ग येतात, जुने सुटतात. उरणला लोकल १२ जानेवारी २०२४ रोजी पोहोचली. बोरघाटातला १८६३चा, गाडी उलटी फिरवणारा रिव्हर्सिंग टप्पा मात्र १९२९मध्ये सुटला. असे सोडलेले मार्ग पायवाटा म्हणून वापरता येतील. ते चालायला सोयीचे का? पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरतं, म्हणून रेल्वेला चढ सौम्यच लागतो. बोरघाटाचा अवघड चढसुद्धा ३७ मीटरला १ मीटर. व्हीलचेअरच्या रॅम्पला तर १२ला १ चालतो! म्हणजे आजीआजोबांना झेपेल अशी वाट आयती तयार. खडी काढून मुरूम दाबायचा, मोऱ्यांतला गाळ उपसायचा, दरीकडेला कठडा बांधायचा. डोंगर फोडणाऱ्या मजुरांचे कष्ट झुडपांत गडप होऊ नयेत; तिथं गावाची पावलं उमटावीत.