जुन्या बोर्डावरची ती निळी चकती कोण?

बंद पडलेला संगणक, अडगळीतला मोडेम, जुन्या बाजारातून उचललेला स्पाइक बस्टर, काहीही उघडा. वीज आत शिरते त्या कोपऱ्यात निळ्या, हिरव्या, काळ्या चकत्या दाटीवाटीनं उभ्या असतात. त्यांतली एक विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घेते. शेजारची दिसायला अगदी तशीच, पण तिचं काम भलतंच. रंगावर अजिबात जाऊ नका. अंगावरचा कोड, बोर्डावरची जागा आणि मल्टिमीटर, या तिघांचं एकमत झालं की ओळख पक्की.

स्क्रू काढण्याआधी एक गोष्ट. आपल्या २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत जातं आणि एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर तेवढ्याच व्होल्टेजला भरून बसतो. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. जास्त वॉटेजचा रेझिस्टर लावून तो रिकामा करा, मल्टिमीटरनं शून्य बघा, मगच हात घाला.

१४डी४७१के वाचायचा कसा?

हा एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. १४ म्हणजे चकतीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. के म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे. मात्र हे ४७० व्होल्ट कायम लावायचे नसतात. त्या व्होल्टेजला चकतीतून १ मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, एवढाच त्याचा अर्थ. कायम सोसण्याची तिची मर्यादा ३०० व्होल्ट एसी.

काही कंपन्या थेट एसीचा आकडा छापतात. एस२०के२७५ म्हणजे २० मिलिमीटरची, २७५ व्होल्ट एसीची चकती. आता २०डी२७१के घ्या. २७५ आणि २७१, वाटतात सख्खे भाऊ. पण दुसरी २७० व्होल्टांनाच वाहू लागते, म्हणजे तिची मर्यादा फक्त १७५ व्होल्ट एसी. ती आपल्या घरच्या लाइनवर बसवली तर तापेल, धुमसेल आणि फुटेल. ‘२७५च्या जवळपास आहे, चालेल’ असं म्हणून हीच चूक सर्रास होते.

अशीच गफलत परदेशातून येणाऱ्या सामानाबरोबर येते. न्यू जर्सीहून कोणी हौसेनं आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात बहुधा २०१ छापलेली चकती असते. ती १३० व्होल्ट एसीची, तिकडच्या १२० व्होल्टांसाठी बरोबर. इथं अडॅप्टर लावून तो बोर्ड भिंतीत खोचला की चकतीचा निकाल लागलाच. भंगारात असा बोर्ड मिळाला तर त्यातले सॉकेट आणि वायर ठेवा, चकती बाजूला काढा.

डी कुठे आहे ते बघा

१०डी४७१के हा व्हॅरिस्टर आणि ५डी-९ हा एनटीसी थर्मिस्टर. दोघेही चकती, दोघांच्या नावात डी. व्हॅरिस्टरमध्ये डीच्या आधीचा आकडा व्यासाचा असतो. एनटीसीमध्ये डीच्या आधी ओहम येतात आणि नंतर व्यास: ५ ओहम, ९ मिलिमीटर. एनटीसी सुरुवातीचा प्रवाहाचा लोंढा थोपवतो, म्हणून तो लाइनच्या वाटेत, सीरिजमध्ये बसतो. एमओव्ही फ्यूजनंतर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवा बसतो. मल्टिमीटरवर थंड एनटीसी थोडेसे ओहम दाखवतो, चांगला एमओव्ही काहीच दाखवत नाही. एकाच्या जागी दुसरा बसवला तर? फेज-न्यूट्रलमध्ये ५ ओहमचा एनटीसी म्हणजे सरळ शॉर्ट.

तिसरा तोतया म्हणजे निळा सेफ्टी कपॅसिटर. त्यावर १०२, २२२ किंवा ४७२ लिहिलेलं असतं, शिवाय वाय१ किंवा वाय२, आणि वेगवेगळ्या देशांच्या मान्यतांच्या शिक्क्यांची गर्दी. बोर्डावर छापलेली अक्षरंही मदतीला येतात. आरव्ही, व्हीडीआर, एमओव्ही किंवा झेडएनआर लिहिलेलं असेल तर व्हॅरिस्टर. एनटीसी किंवा टीएच असेल तर थर्मिस्टर. सीवाय असेल तर वाय कपॅसिटर. कधी कधी चकतीवर काळी स्लीव्ह चढवलेली असते. ती ब्लेडनं हळूच चिरली की आतला कोड दिसतो.

चकतीच्या पोटात काय आहे?

झिंक ऑक्साइडचे बारीक कण, सोबत बिस्मथसारख्या धातूंची ऑक्साइडं, सगळं भट्टीत भाजून घट्ट केलेलं. मजा आहे ती कणांच्या सीमांवर. प्रत्येक सीमा साधारण ३ व्होल्टांपर्यंत वीज अडवून धरते. म्हणजे ४७० व्होल्टांची चकती ही एकापुढे एक अशा दीडशेच्या आसपास सीमांची रांग झाली. जाडी वाढवा, व्होल्टेज वाढतं. व्यास वाढवा, झटका पेलायची ताकद वाढते. धरणाच्या सांडव्यावरून पातळी ओलांडलेलं पाणीच तेवढं निघून जावं, तसं मर्यादेवरचं व्होल्टेज या चकतीतून निघून जातं.

ही करामत १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, मिचिओ मात्सुओका यांनी साधली. १९७१ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जुन्या जपानी सेटमध्ये चकतीवर झेडएनआर ही अक्षरं दिसली, तर ती त्याच घराण्याची.

मग जुनी चकती वापरायची का?

घरच्या लाइनवर, नाही. माझं मत यावर ठाम आहे. प्रत्येक मोठ्या झटक्याबरोबर व्हॅरिस्टर थोडा थोडा खचतो, आणि तो किती खचलाय ते बाहेरून कळत नाही. आकडा दहा टक्क्यांनी सरकला की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. खचलेली चकती रोजच्या व्होल्टेजलाच गळू लागते, गळली की तापते, तापली की आणखी गळते. म्हणून चांगल्या स्पाइक बस्टरमध्ये तिला चिकटून थर्मल फ्यूज बांधलेला असतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नवी चकती चहाच्या पैशात मिळते. वळिवाच्या विजा कडाडत असताना तेवढे पैसे वाचवण्यात काय हशील?

तपासायचीच असेल तर इलेक्ट्रिशियनचा मेगर आणा. ४७१ची सुटी चकती २५० व्होल्टांच्या रेंजवर भरपूर मेगओहम दाखवायला हवी. तिथेच रीडिंग पडलं तर ती सरळ कचऱ्यात. रेंज १००० व्होल्टांवर नेली की चांगल्या चकतीचंही रीडिंग धाडकन खाली येतं, कारण आता ती तिचं काम करू लागलेली असते. वायरिंगची मेगर टेस्ट घेताना सर्ज प्रोटेक्टर आधी काढून ठेवायचा तो याचसाठी. तो तसाच राहिला तर चांगलं वायरिंगही नापास होतं.

टीव्हीएस मात्र उचला

झटका अंगावर घेणारा आणखी एक भिडू म्हणजे टीव्हीएस डायोड. दिसतो साध्या डायोडसारखा, जरा जाडजूड. हा व्हॅरिस्टरसारखा हळूहळू खचत नाही. मेला तर बहुधा शॉर्टच होतो, आणि तो शॉर्ट मल्टिमीटर लगेच पकडतो. इथेही नावात खोच आहे. पी६केई१८ए मधले १८ व्होल्ट म्हणजे जिथे तो वाहू लागतो ते व्होल्टेज. एसएमबीजे१८ए मधले १८ म्हणजे जिथवर तो शांत बसतो ते. हा दुसरा २० व्होल्टांच्या पुढेच जागा होतो. शेवटी सीए असेल तर तो दोन्ही दिशांना सारखा चालतो आणि त्यावर पट्टा नसतो.

कोड पुसला गेलाय? नऊ व्होल्टांच्या तीन ताज्या बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडा, म्हणजे २७ व्होल्ट झाले. मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि डायोडची पट्ट्याची बाजू प्लसकडे ठेवा. मल्टिमीटर डायोडच्या दोन पायांवर लावा. पी६केई१८ए असेल तर सुमारे १८ व्होल्टांवर आकडा स्थिरावतो. पूर्ण २७ दिसले तर डायोड त्याहून वरचा, किंवा आतून तुटलेला. एका दिशेला ०.६च्या आसपास आणि उलट केल्यावर १८, असं दिसलं तर तो एकाच दिशेचा. डेटाशीटमध्येही मोजणी १ मिलिअँपिअरलाच असते आणि आपली जोडणी जवळपास तेवढाच प्रवाह देते. चार्जर आणि अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मरजवळ पी६केई२००ए हमखास सापडतो.

२३० लिहिलंय, पण घरच्या २३०साठी नाही

मोडेममध्ये टेलिफोनच्या सॉकेटमागे पांढरी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेली छोटी नळी दिसली, तर ती गॅस डिस्चार्ज ट्यूब. आत निष्क्रिय वायू असतो. ठरावीक व्होल्टेजला त्यात ठिणगी पडते आणि झटका जमिनीकडे जातो. तीन पायांची असेल तर मधला पाय अर्थिंगचा आणि बाजूचे दोन टेलिफोनच्या तारांचे. त्यावरचे २३० म्हणजे डीसीवर ठिणगी पडण्याचं व्होल्टेज. घरच्या लाइनचं शिखर त्याच्या बरंच वर. शिवाय एकदा ठिणगी पेटली की नळीवर जेमतेम १०-२० व्होल्ट उरतात आणि लाइन तिच्यातून प्रवाह ढकलत राहते. म्हणून फेज-न्यूट्रलमध्ये ही एकटी कधीच लावू नये. अँटेनाच्या किंवा सिग्नलच्या तारेवर मात्र ती फार गुणी, कारण तिची कपॅसिटन्स १-२ पिकोफॅरडच असते आणि सिग्नल बिघडत नाही. काही जुन्या नळ्यांमध्ये ठिणगी वेळेवर पडावी म्हणून ट्रिटियम किंवा क्रिप्टॉन-८५सारखा किरणोत्सारी अंश घालत असत. कुतूहलापोटीही त्या फोडू नका.

काढून नेता येत नाही असाही एक प्रकार आहे. बोर्डावर तांब्याचे दोन टोकदार त्रिकोण समोरासमोर छापलेले दिसतात, मध्ये केसाएवढी फट. तो स्पार्क गॅप. एक मिलिमीटर हवा फोडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, त्यामुळे लाइनचे लहानसहान झटके त्याच्या आवाक्यातले नाहीत. हात लागला की बसणारा स्थिर विजेचा चटका मात्र तो परतवतो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या सॉकेटमध्येही असेच गॅप असत. आपला बोर्ड छापताना हे त्रिकोण काढायला पैसा लागत नाही, फक्त त्या फटीवर हिरवा सोल्डर मास्क चढू देऊ नका.