आंबटाचा मान

ऑक्टोबरच्या प्रारंभी इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका लहानशा बागाइतीत, सफरचंदांचे फेसाळ परंतु मद्याचा लवलेश नसलेले पेय कसे सिद्ध होते हे पाहण्यासाठी मी गेलो, तेव्हा कोठाराच्या उंबरठ्यावरच जो घमघमाट आला त्याने मला एकदम कोकणातील आंब्याच्या अढीची आठवण झाली. ती अगदीच अस्थानी नव्हती. कारण झाडावरून उतरविलेले फळ तडक घाण्यात घालण्याचा येथे प्रघात नाही. काही दिवस ते मुरू देतात, म्हणजे त्यातील पिष्टाची शर्करा होते आणि गर मऊ पडतो.

कोठारात तीन ढीग होते. तांबूस पट्ट्यांचे कॉक्स, खरखरीत तपकिरी सालीचे रसेट, आणि हिरवे, ओबडधोबड, मुठीत न मावणारे ब्रॅम्ली. यांपैकी तिसरे मालकांनी आग्रहाने चाखावयास दिले. एका घासात माझे दात असे आंबले की पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा पिववेना. हे फळ शिजवून खाण्याचे. तथापि मालकांच्या मते पेयाचा कणा हेच, आणि नुसत्या गोड सफरचंदांचा रस म्हणजे साखरेचे पाणी!

या आंबट फळाची कुळकथा मोठी रम्य आहे. नॉटिंगहॅम परगण्यातील साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये बी पेरले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. आणि १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाकाराने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे एवढ्याच अटीवर खाटीकबुवांनी परवानगी दिली. बी पेरणारीचे नाव असे दप्तराबाहेरच राहिले. सफरचंदाचे बी आईच्या वळणावर जात नाही, म्हणून जगातील यच्चयावत ब्रॅम्ली ही त्या एकाच झाडाची, कलमाकलमाने लांबत गेलेली फांदी होय. कॉक्सचीही गोष्ट तीच. फरक इतकाच की त्याचा जनक रिचर्ड कॉक्स हा बिअर गाळण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला गृहस्थ होता, आणि त्याच्या फळाने आज निर्मद्य पेयाला सुगंध पुरवावा यात दैवाची थोडी थट्टा आहेच.

फळे धुऊन, किडका भाग कापून, यंत्रात त्यांचा कीस करतात. तो फडक्यात गुंडाळून, लाकडी जाळी, वर घडी, पुन्हा जाळी, अशी कंबरभर चवड रचतात आणि दट्ट्या हलकेच खाली आणतात. पण दाब पुरता बसण्यापूर्वीच, केवळ चवडीच्या भाराने, रस झिरपू लागला, आणि जो क्षणभर फिका होता तो हवा लागताच माझ्या डोळ्यांदेखत मधाच्या वर्णाचा झाला. मग तिन्ही रसांचे मिश्रण. येथे मापे फारशी उपयोगी पडत नाहीत. मालक पळी बुडवीत, जिभेवर घोळवीत, आणि थोडा ब्रॅम्ली आणखी घालीत. हापूसच्या रसात चार पायरी पिळल्याशिवाय आमरसाला चव येत नाही म्हणणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला हा मामला समजावून सांगावा लागला नसता.

सालीवरील किण्वाला मोकळीक दिली तर याच रसाची चार दिवसांत दारू व्हायला लागेल. म्हणून त्यात वायू मिसळून बाटल्या बंद केल्या की त्या गरम पाण्याच्या हौदात ठेवतात, उकळी मात्र फुटू देत नाहीत, नाहीतर शिजक्या फळाचा वास येतो.

उरलेला चोथा डुकरांना जातो. त्यातील काही बिया उकिरड्याच्या कडेला रुजतात. तशा एका रोपाभोवती मालकांनी काटक्यांचे कुंपण केलेले मी पाहिले. कलम नसलेले हे झाड कशासाठी राखता, असे विचारले, तर ते म्हणाले की त्याचे पहिले फळ चाखून पाहायचे आहे.