विहिरीचे आकडे आणि त्यांची पारख

करमाडच्या शिवारात विहीर खोदताना आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग याच बेसाल्टने व्यापलेला आहे. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. किती उरले हे वरून कळत नाही. टेप सोडून मोजावेच लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून संभाव्य टंचाईचा अंदाज बांधला जातो.

या तुलनेत एक चुकीचा आकडा काय करू शकतो? समजा, चौदा मीटर खोल विहिरीची मे महिन्यातील पातळी पाच वर्षे जमिनीपासून ९.२, ९.८, ९.५, ८.९ आणि १०.१ मीटर खोल होती. सरासरी ९.५. यंदा पाणी १२ मीटरवर गेले, म्हणजे अडीच मीटरची घट. परंतु नोंद करताना ९.५ मधील दशांश चिन्ह गळून ९५ झाले, तर सरासरी २६.६ होते आणि कागदावर पाणी चौदा मीटरहून अधिक वर आलेले दिसते! तहानलेले गाव टंचाईच्या यादीतून बाहेर जाते.

केवळ परंपरेने आले वा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. वहीतील आकड्यालाही हीच कसोटी लावावी. संगणकाला ती शिकविणे अवघड नाही. पातळी विहिरीच्या तळापेक्षा खोल असू शकत नाही. एवढ्या एका नियमानेच ९५ पकडला जातो. कोरड्या विहिरीपुढे शून्य लिहिले, तर ती काठोकाठ भरलेली ठरते. कठड्याची उंची वजा करायची राहिली, तर पाणी तेवढेच खोल गेलेले दिसते. सरासरीऐवजी मध्यक घेतला, तर वरच्या उदाहरणात तो ९.८ येतो आणि एका चुकीने फारसा ढळत नाही.

शेजारच्या विहिरीशी तुलना मात्र जपून करावी. बेसाल्टमध्ये शंभर पावलांवरच्या दोन विहिरी वेगळ्या वागतात. एकीला भेग लाभते, दुसरीला नाही. म्हणून प्रत्येक विहीर प्रथम तिच्याच पूर्वेतिहासाशी ताडून पाहावी.

आता काही विहिरींत स्वयंचलित पातळीमापक बसविले आहेत. ते दिवसातून अनेकदा नोंद घेतात. इतके आकडे माणसाने एकेक करून तपासणे अशक्यच. आठवडेच्या आठवडे एकच आकडा येत राहिला, तर यंत्र अडकले असावे किंवा पाणी त्याच्या खाली गेले असावे. एकाएकी खोल गेलेली आणि काही तासांत सावरलेली पातळी बहुधा जवळच्या मोटारपंपाची खूण असते.

तथापि संगणकाने संशयित आकडा पुसू नये, केवळ त्यावर खूण करावी. मे महिन्यात ऑक्टोबरपेक्षा वर आलेले पाणी संशयास्पद खरे. पण कालव्याला आवर्तन सुटले असेल, तर तेच सत्य असते. त्याचा निवाडा करायला कोणीतरी पुन्हा टेप घेऊन त्या विहिरीवर जावे लागते, आणि जाण्याआधी पंप किती वेळ बंद होता हे शेतकऱ्याला विचारावे लागते.