एक उधारी, दोन कोर्ट : वसुली की नुसता खर्च?

कापडाच्या धंद्यात उधारी अडकली की आम्ही व्यापारी आधी तगादा लावतो, मग दलालाला मध्ये घालतो, शेवटी वकील गाठतो. अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो : "एक दावा आपल्या गावी टाका, दुसरा पार्टीच्या गावी. दोन्हीकडून दाबला की पैसे येतात." सल्ला गोड आहे, पण कायद्यापुढे टिकत नाही.

समजा, माल मालेगावहून सुरतेला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो. म्हणजे दारे दोन; पण शिरायचे एकाच दारातून. त्याच पक्षांमध्ये त्याच वादाचा दावा आधीच चालू असेल, तर कलम 10 नुसार मागाहून दाखल झालेल्या दाव्याची सुनावणी थांबते. पहिल्याचा अंतिम फैसला झाला की कलम 11 मुळे तोच वाद पुन्हा उकरता येत नाही. कोर्ट फी आणि वकिलाची फी मात्र दोनदा गेलेली असते.

दोन दाव्यांमागे खरी भीती वेगळीच असते : मालेगावचा हुकूमनामा सुरतेत कोण मानणार? ही भीती व्यर्थ आहे. कलम 39 नुसार हुकूमनामा अंमलबजावणीसाठी दुसऱ्या गावच्या कोर्टाकडे पाठवता येतो आणि तिथली मालमत्ता जप्त होऊ शकते.

चेक परतला असेल तर गोष्ट निराळी. कलम 138 ची फौजदारी तक्रार आणि वसुलीचा दिवाणी दावा हे दोन वेगळे उपाय आहेत, ते एकाच वेळी चालतात. 2015 च्या दुरुस्तीनंतर, आपण आपल्या खात्यात भरलेल्या चेकची तक्रार आपल्या बँक शाखेच्या हद्दीतील कोर्टात होते. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, 15 दिवस पैसे भरण्याची मुदत, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तिथे भरपाई मिळाली तर ती दिवाणी दाव्यात वळती होते. एकच रक्कम दोनदा मिळत नाही.

कधी देणेकरीच हुशारी करतो आणि आधी आपल्या गावी दावा ठोकून बसतो. तेव्हा घाबरू नये. लेखी करार, हुंडी वा चेक हाती असेल तर आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये इंडियन बँक आणि महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ यांच्या खटल्यात ठरवले, की बचावाची परवानगी द्यायची की नाही हे ठरेपर्यंत असा दावा कलम 10 ने अडत नाही.

बिलावरची ओळही नीट छापून घ्यावी. 1989 मध्ये जरीच्या मेटॅलिक यार्नच्या व्यवहारावरून खटला सुप्रीम कोर्टात गेला. कागदावर खेडा जिल्ह्याची हद्द लिहिलेली होती, तरी सेलमच्या कोर्टातला दावा चालू राहिला, कारण "फक्त" असा शब्द नव्हता. म्हणून "वाद फक्त अमुक गावच्या कोर्टात" असे स्पष्ट लिहावे आणि ऑर्डरवर पार्टीची सही घ्यावी. मात्र ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला असे लिहून अधिकार येत नाही.

व्यापारी बंधूंनो, मालाच्या पैशाच्या दाव्याला मुदत साधारण 3 वर्षांची. बिले, पावत्या, लॉरीची बिल्टी जपा, कोर्ट एकच निवडा आणि संपूर्ण रक्कम त्याच दाव्यात मागा. सोडलेला भाग नंतर मागता येत नाही.