वरची दाढ आणि डोळा

लेखांक अकरावा

अक्कलदाढेचा विषय या आठवड्यास घेईन असे मी कबूल केले होते. परंतु मधल्या काळात एका वाचकाचे जे पत्र आले, त्यामुळे तो बेत पुढे ढकलणे मला भाग पडले आहे. पत्रलेखक एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्या वृद्ध मातोश्रींची वरच्या जबड्यातील एक दाढ किडून तिचे नुसते कवच उरले आहे. हिरडीवर वरचेवर पुळी येते, फुटते, पू वाहून जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार होतो. दंतवैद्याने दाढ काढण्याचा सल्ला दिलेला असूनही घरातील वडीलधारी मंडळी ‘वरची दाढ काढली की डोळ्यांचे तेज जाते’ या एका वाक्यावर अडून बसली आहेत. ‘यात तथ्य किती, याचा खुलासा करावा’, एवढीच पत्रलेखकांची विनंती आहे. ही समजूत मी माझ्या व्यवसायात इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे, आणि तिच्यापायी नासलेले इतके जबडे पाहिले आहेत, की हा सबंध लेखांक तिच्या परामर्शास देणे मला माझे कर्तव्य वाटते.

ही समजूत केवळ अज्ञानातून उपजली, असे मानणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. माझ्या मते तिचे मूळ आपल्या प्राचीन शल्यशास्त्राच्या प्रमाणग्रंथातच आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बाविसावा अध्याय मुखरोगांच्या उपचारांचा असून, त्यात दंतनाडीचे, म्हणजे किडक्या दाताच्या मुळाशी पू साठून हिरडीतून किंवा गालातून वाट काढणाऱ्या नासुराचे, प्रकरण येते. त्या ठिकाणी ग्रंथकार सांगतो की, ज्या दाताशी असा नासूर झाला असेल तो दात, भोवतीचे मांस शस्त्राने छेदून, काढून टाकावा, मात्र तो वरचा नसेल तर. आणि पुढे या अपवादाचे कारणही तो स्पष्ट शब्दांत देतो. मुळासह घट्ट बसलेला वरचा दात उपटला असता रक्त अतिशय जाते, त्या अतिस्रावापासून घोर व्याधी होतात, मनुष्य काणा होतो, त्याला अर्दित, म्हणजे तोंड वाकडे करणारा वात, जडतो; सबब वरचा दात हलत असला तरीही वैद्याने तो काढू नये, असा त्याचा निर्णय आहे.

हा निर्णय वाचून हसण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत दिला गेला, याचा विचार केला पाहिजे. वरच्या जबड्याचे हाड खालच्या जबड्याच्या हाडापेक्षा पुष्कळच सच्छिद्र असते. भूल नव्हती, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध नव्हते, आणि हाडाच्या खोल पोकळीतून वाहणाऱ्या रक्तावर दाब देण्यापलीकडे फारसा इलाजही हाती नव्हता. रक्त काढण्याच्या प्रकरणात ते अति गेल्याने जे उपद्रव होतात असे सुश्रुताने म्हटले आहे, त्यांत आंधळेपण आहेच. आणि भयंकर रक्तस्रावानंतर दृष्टीच्या मज्जातंतूला रक्त अपुरे पडून नजर गेल्याची उदाहरणे, अत्यंत विरळ का होईना, आधुनिक वैद्यकातही नोंदली गेली आहेत. तेव्हा प्राचीन शल्यवैद्याने दात आणि डोळा यांच्यामध्ये कोणताही गूढ संबंध कल्पिला नव्हता. त्याचा आक्षेप रक्तस्रावावर होता. ज्याच्या वीस शस्त्रांच्या यादीत दंतशंकू हे स्वतंत्र शस्त्र आहे, तो वैद्य दात काढण्याच्या क्रियेला भिणारा खासच नव्हता.

परंतु त्याच प्रकरणातील दुसरे एक वचन, जे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, ते मात्र लोकस्मृतीतून साफ गळून पडले. अशा दाताची उपेक्षा केली तर नासुराची गती निश्चितपणे जबड्याचे हाड फोडते, म्हणून दात मुळासकट काढावा आणि भग्न झालेले हाडही काढावे, अशी तेथे आज्ञा आहे. निषेध तेवढा घरोघर पोहोचला, त्याचे कारण वाटेत हरवले, आणि हयगय केल्यास काय होईल याविषयीची ताकीद तर कोणी ऐकलीच नाही. रक्त थांबवण्याचे साधन हाती येताच तो निषेध आपोआप संपुष्टात यावयास हवा होता. आज्ञा तेवढी कायम राहावयास हवी होती. घडले नेमके उलट.

आता शरीररचनेचा दाखला पाहू. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची. डोळ्याच्या पडद्यापासून निघून ती थेट मेंदूकडे जाते आणि दातांशी तिचा कोठेही संबंध येत नाही. दातांची संवेदना वाहून नेणारी जोडी पाचवी. तिच्या तीन शाखा होतात: पहिली कपाळ व डोळ्याचा पृष्ठभाग यांची, दुसरी वरचे दात, गाल आणि खालची पापणी यांची, तिसरी खालच्या जबड्याची. या तिन्ही शाखा एकाच खोडाच्या असल्यामुळे वरच्या दाढेची कळ पुष्कळदा डोळ्याच्या खाली, डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात जाणवते, आणि रोगी प्रामाणिकपणे सांगतो की, ‘माझा डोळा दुखतो’. त्या दुखण्याने नजरेला मात्र अपाय होत नाही, कारण पाचव्या जोडीची ही शाखा स्पर्श व वेदना जाणते, पाहणे हे तिचे कामच नव्हे.

समजुतीला बळकटी देणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली वयाची. चाळिशीच्या आसपास जवळचे अंधुक दिसू लागते, पुढे मोतीबिंदू येतो, आणि नेमक्या याच वयात बहुसंख्य लोकांच्या दाढा काढाव्या लागतात; एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिले दुसऱ्याचे कारण, असे मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा ओढा असतोच. दुसरी गोष्ट इंजेक्शनची. वरच्या जबड्यात बधिरता आणणारे औषध दिल्यानंतर क्वचित खालची पापणी जड होते, आणि फारच क्वचित काही वेळ एका वस्तूच्या दोन दिसतात. औषधाचा अंमल उतरताच हे सारे पूर्ववत होते, पण ज्याला कोणी आधी सांगून ठेवलेले नसते त्याच्या मनात त्या वेळी घर केलेली भीती जन्मभर जात नाही. म्हणून दंतवैद्याने ही शक्यता रोग्याला अगोदरच सांगावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या इंजेक्शनाचा इतिहास मला फार प्रिय आहे, आणि दात व डोळा यांचा एक खराखुरा संबंध त्यात सापडतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. 1884 साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यात घातले असता डोळा बधिर होतो, हे सिद्ध केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हायडेलबर्गला भरलेल्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचे टिपण वाचले गेले. ते दुसऱ्याने वाचले, कारण प्रवासखर्चाची ऐपत कोलरपाशी नव्हती. ही वार्ता अटलांटिक ओलांडून गेली आणि काही महिन्यांच्या आतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने तेच औषध खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी टोचून अर्धा जबडा बधिर करून दाखवला. कोकेनच्या व्यसनाने त्या थोर पुरुषाचे पुढे अतोनात नुकसान केले. निरुपद्रवी पर्यायाचा शोध चालू राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन तयार केले, आणि 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने जे औषध सिद्ध केले, तेच लिग्नोकेन आज आपल्याकडच्या दवाखान्यांतून दिले जाते. त्यात बहुधा ॲड्रेनॅलिनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. तो रक्तवाहिन्या आकुंचित करतो, त्यामुळे औषध जागच्या जागी टिकते आणि रक्तही कमी जाते. सुश्रुताला जी चिंता होती तिची तजवीज त्या सुईतच झालेली असते; त्याउपर कापसाच्या पट्टीचा दाब आहे, टाके आहेत, खाचेत ठेवावयाचा विरघळणारा स्पंज आहे.

वरची दाढ बधिर करणे खालचीपेक्षा सोपे असते, कारण ज्या सच्छिद्रपणामुळे तेथे रक्त अधिक येते, त्याच सच्छिद्रपणामुळे औषधही हाडातून झिरपून मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते. टाळूच्या बाजूची सुई मात्र दुखते. तेथील त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने औषधाला पसरावयास जागा नसते. दाताचे मूळ हाडाला थेट जडलेले नसून दोहोंमध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. तो सुटा करून, जमिनीत रोवलेली खुंटी उपटण्यापूर्वी आपण ती हलवून भोक रुंद करतो त्याप्रमाणे, दाढ गालाच्या बाजूस हळूहळू झुकवीत हाडाची खाच रुंदावली जाते. वरच्या पहिल्या दाढेला गालाकडे दोन व टाळूकडे एक अशी तीन मुळे असतात आणि ती फाकलेली असली तर दाढेचे तुकडे करून एकेक मूळ वेगळे काढणे शहाणपणाचे ठरते. वेदना होत नाहीत, पण दाब आणि हाडाचा कुरकुर आवाज जाणवतो. त्याने घाबरून जाऊ नये.

या जागेची खरी जोखीम डोळ्याची नसून नाकाशेजारच्या पोकळीची आहे. वरच्या जबड्याच्या हाडाच्या आत सायनस नावाची हवेची पोकळी असते, आणि वरच्या दाढांची मुळे कित्येकांच्या बाबतीत तिच्या तळाला अगदी भिडलेली असतात. दाढ काढताना तो पातळ तळ कधी कधी फुटतो आणि प्यालेले पाणी नाकातून येते. छिद्र लहान असले तर रक्ताची गुठळी टिकवून ते आपोआप भरते. तोपर्यंत नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी. मोठे छिद्र टाके घालून बंद करावे लागते. जखमेच्या बाकीच्या निगेविषयी गेल्या लेखांकात लिहिलेच आहे.

आता राहिला तो मुद्दा, ज्यासाठी मी हे सारे लिहीत आहे. वरच्या दाताचा संबंध डोळ्याशी येतो, आणि भयंकर रीतीने येतो. पण तो दात काढल्याने नव्हे, तर कुजका दात तसाच तोंडात ठेवल्याने. सुळ्याच्या मुळाशी पू झाला की नाकाच्या बाजूस सूज चढते आणि खालची पापणी फुगून डोळा मिटतो. चेहऱ्यावरची शीर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी डोळ्यामागच्या शिरांना मिळते, आणि या मार्गाने जंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यापर्यंत गेले तर तेथे गुठळी होऊन दृष्टी आणि प्राण दोन्ही धोक्यात येतात. प्रतिजैविकांच्या काळात असे क्वचितच घडते, तरी घडते. जी दाढ डोळ्याच्या भीतीने राखली, तीच डोळ्याचा घात करू शकते.

तेव्हा वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. वरची दाढ निकामी झाली असेल आणि वाचवण्याजोगी नसेल, तर ती काढण्यास मुळीच कचरू नका. जाताना रक्तदाब, मधुमेह, आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडे बळकट करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या, यांची माहिती दंतवैद्याला द्या. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. आणि वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढली, सोबत ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा.

अक्कलदाढ पुढील आठवड्यात.